सांस्कृतिक कार्यक्रम डिजिटल माध्यमात सर्वांसाठी सुगम कसा करावा

नाट्यप्रयोगाला, प्रदर्शनाला किंवा कविसंमेलनाला दिव्यांग रसिक फारसे येत नाहीत, असे आयोजक सांगतात तेव्हा खरी अडचण बहुधा सभागृहाच्या दारात नसते. ती त्याच्या कितीतरी आधी, फोनवर आलेल्या निमंत्रणात किंवा तिकीट काढण्याच्या पानावर असते. व्हीलचेअरसाठी जागा राखून ठेवलेली असते, पण ती ऑनलाइन निवडता येत नाही. सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलावलेला असतो, पण तो येणार आहे हे कर्णबधिर रसिकांना कळेल अशा ठिकाणी लिहिलेले नसते. म्हणून या लेखातील सूचना सभागृहाच्या बांधकामाविषयी नसून डिजिटल वाटेविषयी आहेत, आणि रसिक ज्या क्रमाने त्या वाटेने जातो साधारण त्याच क्रमाने मांडल्या आहेत. संस्था, ग्रंथालय, संग्रहालय, नियतकालिक किंवा चार-पाच जणांचा हौशी गट, कोणालाही त्या वापरता येतील.

हक्काची बाजू आधी स्पष्ट असावी, कारण ती स्पष्ट नसली की सुगम्यता ही कृपा समजली जाते आणि पैसे कमी पडले की सर्वांत आधी तिलाच कात्री लागते. समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मोकळेपणाने भाग घेण्याचा हक्क १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील २७व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००६ मध्ये स्वीकारलेल्या आणि २००८ मध्ये अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील ३०वे कलम याच हक्काचा तपशील देते. सांस्कृतिक साहित्य, दूरचित्रवाणीचे कार्यक्रम, चित्रपट आणि नाटक सुगम रूपात मिळाले पाहिजेत, असे ते सांगते. बौद्धिक संपदेचे कायदे त्यात अवाजवी अडथळा ठरू नयेत, असे बजावते. आणि सांकेतिक भाषा व कर्णबधिरांची संस्कृती यांना मान्यता व पाठबळ देण्यास सांगते. याच कलमात दिव्यांग व्यक्तींना आपली सर्जनशील व कलात्मक क्षमता वाढवण्याची आणि वापरण्याची संधी मिळावी असे म्हटले असून, ती केवळ त्यांच्या स्वतःच्या भल्यासाठी नव्हे, तर समाजाच्या समृद्धीसाठीही, अशी जोड दिली आहे. या मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते; त्याच्याकडे पुढे पुन्हा येऊ.

तांत्रिक बाजूला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची वेब सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वे हा जगभर मानला जाणारा आधार आहे. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तत्त्वांच्या ए, एए आणि एएए अशा तीन चढत्या पातळ्या आहेत आणि बहुतेक कायदे व धोरणे एए पातळीची अपेक्षा करतात. पूर्ण दस्तऐवज वाचण्याचा धीर सर्वांना नसतो आणि तशी सक्तीही नाही; सांस्कृतिक कामात वारंवार लागणारी कलमे खाली त्या त्या जागी सांगितली आहेत.

निमंत्रण आणि जाहिरात

आजचे निमंत्रण म्हणजे बहुतेक वेळा एक चित्र असते. तारीख, वेळ, स्थळ, कलावंतांची नावे असे सगळे काही त्या चित्रात कोरलेले, आणि सोबत मजकूर म्हणून "अवश्य या!" एवढेच. अंध व्यक्ती हे निमंत्रण उघडते तेव्हा तिचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, "प्रतिमा" असे म्हणतो, फार तर फाइलचे नाव आणि आकडे वाचतो, आणि मग "अवश्य या". कुठे यायचे, हे मात्र तो सांगू शकत नाही. उपाय अगदी साधा आहे: चित्रात जे जे लिहिले आहे ते सर्व चित्राखाली मजकूर म्हणूनही लिहावे. अल्पदृष्टी व्यक्तीला तो मजकूर मोठा करून वाचता येतो, ज्याला वाचण्यात अडचण आहे त्याला तो ऐकता येतो, आणि ज्याला तारीख दिनदर्शिकेत उतरवून घ्यायची आहे त्याचेही काम होते.

मराठीत याहून फसवा एक अडथळा आहे आणि तो डोळस माणसाला दिसतच नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना संगणकात ठरावीक संकेत देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर सुबक देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हांची माळ असते. स्क्रीन रीडर दिसते ते नव्हे, तर साठवलेले वाचतो; त्यामुळे कवितेच्या जागी त्याला निरर्थक अक्षरे वाचावी लागतात. छपाईसाठी असा फॉन्ट वापरून बनवलेली पीडीएफ जशीच्या तशी संकेतस्थळावर चढवली जाते तेव्हा अंक प्रकाशित झाला असे संपादकांना वाटते, पण काही वाचकांसाठी तो अजून बंदच असतो. याची परीक्षा सोपी आहे. त्या फाइलमधील एक ओळ कॉपी करून साध्या मजकुराच्या खिडकीत चिकटवावी. तिथे कचरा उमटला, तर वाचकाच्या कानावरही तोच जाणार. अशा वेळी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते, कारण जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार यांत रूपांतराच्या चुका हमखास राहतात.

याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे पानाची भाषा. संकेतस्थळाच्या पानात भाषेची नोंद इंग्रजी अशी राहिली असेल आणि मजकूर मराठी असेल, तर काही यंत्रणा इंग्रजी आवाज निवडतात आणि देवनागरी अडखळत वाचतात किंवा गाळून टाकतात. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या व्यक्तीकडून ही नोंद मराठी करून घ्यावी आणि मध्येच दुसऱ्या भाषेतील उतारा आला तर तेवढ्या उताऱ्याची वेगळी नोंद करून घ्यावी. हे मिनिटाभराचे काम आहे, तरीही ते इतक्या ठिकाणी राहून जाते याचे आश्चर्य वाटते.

रंगसंगतीबाबत मार्गदर्शक तत्त्वे नेमकी आहेत: साध्या आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांत किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३:१ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातील फरक, हवा. ही सीमा किती बारीक आहे पाहा. पांढऱ्यावर ७७७७७७ या संगणकीय रंगसंकेताची करडी छटा ४.४८:१ येते, म्हणजे नापास. तिच्याहून नजरेला न जाणवण्याइतकी गडद असलेली ७६७६७६ ही छटा ४.५४:१ येते आणि उत्तीर्ण होते. म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर न राहता कॉन्ट्रास्ट मोजणारे मोफत साधन वापरावे. फिकट छायाचित्रावर पांढरी अक्षरे टाकण्याची जी आवड अलीकडे दिसते ती या मोजमापात क्वचितच टिकते.

तिकीट आणि नोंदणी

आसनांच्या नकाशात लाल म्हणजे गेलेली आणि हिरवी म्हणजे मोकळी, एवढाच फरक ठेवला तर रंगांधळ्या व्यक्तीला तो उलगडत नाही आणि स्क्रीन रीडरला तर नकाशाच कळत नाही. प्रत्येक आसनाला "रांग ग, आसन १२, उपलब्ध" असे शब्दांत नाव हवे आणि नकाशासोबत साध्या यादीतून निवडण्याची सोय हवी. व्हीलचेअरची आणि सोबतच्या व्यक्तीची जागा "त्यासाठी फोन करा" असे सांगून ऑनलाइन व्यवहाराबाहेर ठेवू नये; फोन हा कर्णबधिर व्यक्तीसाठी आणि बोलण्यात अडचण असलेल्यांसाठी मार्गच नव्हे. संपर्कासाठी फोनबरोबर ईमेल किंवा संदेशाचा पर्याय नेहमी द्यावा.

तिकीट राखून ठेवण्याचे घड्याळ ही आणखी एक मूक अडवणूक आहे. स्विच (कीबोर्डऐवजी वापरायचे एखाद-दुसऱ्या बटणाचे साधन) वापरून किंवा एका बोटाने टंकणाऱ्या व्यक्तीला दहा मिनिटेही अपुरी पडतात. मुदत संपण्यापूर्वी सूचना यावी आणि एखादी कळ दाबण्यासारख्या सोप्या कृतीने ती वाढवून घेण्यासाठी किमान २० सेकंद मिळावेत, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारी कोडी शक्यतो काढून टाकावीत.

नोंदणीच्या अर्जात "आपल्या दिव्यांगत्वाचा प्रकार" विचारू नये. "आपल्याला कोणती सोय लागेल?" असे विचारावे, कारण आयोजकाला निदान नव्हे, तर तयारी करायची असते. त्याच पानावर स्थळाची माहिती तथ्यांच्या रूपात द्यावी. "दिव्यांगांसाठी सोय उपलब्ध" या वाक्यातून काहीच कळत नाही. "मुख्य दारापाशी ३ पायऱ्या आहेत, डावीकडच्या ९० सेंटिमीटर रुंद दारातून पायरीविना आत येता येते, सुगम स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे" यातून माणसाला यायचे की नाही हे ठरवता येते. प्रयोगात लुकलुकणारे दिवे, धूर किंवा अचानक मोठे आवाज असतील तर ते कोणत्या टप्प्यावर येतात हेही सांगावे; अपस्मार असलेल्या आणि स्वमग्न व्यक्तींना या माहितीची नितांत गरज असते.

चित्रे, शिल्पे, छायाचित्रे

प्रत्येक अर्थपूर्ण प्रतिमेला पर्यायी मजकूर द्यावा, म्हणजे न दिसणारे पण स्क्रीन रीडरने वाचले जाणारे वर्णन. केवळ शोभेच्या वेलबुट्टीला तो रिकामा ठेवावा, म्हणजे यंत्र तिला ओलांडून पुढे जाते. कलाकृतीच्या बाबतीत मात्र एका ओळीने भागत नाही. तिथे लहान पर्यायी मजकूर आणि त्याच पानावर सर्वांना दिसेल असे विस्तृत वर्णन, अशी दोन पातळ्यांची मांडणी करावी.

समजा, एका तैलचित्राला "सुंदर भावपूर्ण चित्र" असा पर्यायी मजकूर दिला आहे. त्यातून फक्त लिहिणाऱ्याचे मत कळते. त्याऐवजी "तैलचित्र: पावसात छत्रीविना उभी असलेली पाठमोरी वृद्ध स्त्री" असे लिहिले की विषय कळतो. मग विस्तृत वर्णन असे करता येईल: "उभ्या चौकटीचा खालचा दोन-तृतीयांश भाग ओल्या रस्त्याच्या करड्या, जवळजवळ काळ्या फटकाऱ्यांनी व्यापला आहे. मध्याच्या किंचित डावीकडे स्त्री उभी आहे. तिच्या लाल शालीचे प्रतिबिंब पाण्यात तुकड्यातुकड्यांनी दिसते. चित्रात इतरत्र कोठेही लाल रंग नाही." या शेवटच्या वाक्याने रसिकाच्या हाती चित्रातील एकटेपणा येतो, आणि तो "एकटेपणा" हा शब्द न वापरता येतो. वर्णनाचा क्रम ठरलेला असावा: आधी माध्यम, आकार आणि एकूण रचना, मग तपशील, आणि भावार्थ रसिकावर सोपवलेला. रंगांची नावे गाळू नयेत. अंध व्यक्तीला रंगाचे काय, हा प्रश्न अडाणी आहे. अनेकांची दृष्टी नंतर गेलेली असते, आणि ज्यांनी रंग कधीच पाहिले नाहीत त्यांनाही भाषेतून रंगांचे संदर्भ ठाऊक असतात.

यंत्राने आपोआप तयार केलेली वर्णने कच्चा मसुदा म्हणून घ्यावीत. त्यांत शाल ही छत्री होऊ शकते, आणि ऐकणाऱ्याला ती चूक पकडण्याचे साधन नसते.

ध्वनिमुद्रण, चित्रफीत आणि थेट प्रक्षेपण

चित्रफितीला कॅप्शन देणे म्हणजे संवाद टंकून देणे एवढेच नव्हे. कोण बोलते आहे आणि न बोललेले काय ऐकू येते आहे, हेही त्यात यायला हवे. "[संगीत]" असे लिहून काम उरकले जाते, तिथे "[एकट्या बासरीचा संथ सूर]" लिहायला तीन शब्द जास्त लागतात आणि प्रसंगाचा रंग पोचतो. पडद्याबाहेरून दारावर थाप पडली आणि पात्राने दचकून पाहिले, तर "[दारावर थाप]" नसताना ते दचकणे अनाकलनीय ठरते. एका वेळी दोनच ओळी ठेवाव्यात, ओळ अर्थाच्या जागी तोडावी आणि वाचायला पुरेसा वेळ द्यावा. स्वयंचलित कॅप्शन विशेषनामे, बोलीतील उच्चार आणि काव्यपंक्ती यांत हमखास घसरतात. ती माणसाने दुरुस्त केल्याशिवाय प्रसिद्ध करू नयेत. मुद्रित चित्रफितीची कॅप्शन ए पातळीवरच, म्हणजे किमान अपेक्षेत येतात. थेट कार्यक्रमाची कॅप्शन आणि मुद्रित चित्रफितीचे ध्वनिवर्णन, म्हणजे संवादांच्या फटीत दृश्य सांगणारा आवाज, एए पातळीवर येते.

कॅप्शन दिल्याने सांकेतिक भाषेची गरज संपत नाही. सांकेतिक भाषांना स्वतःचे व्याकरण असते, देशोदेशी त्या वेगळ्या असतात, आणि जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांसाठी लिखित भाषा ही दुसरी भाषा असते. दुभाषीचे हात, चेहरा आणि कमरेपर्यंतचे शरीर चौकटीत नीट दिसले पाहिजे, कारण चेहऱ्यावरील हावभाव हा त्या भाषेच्या व्याकरणाचा भाग आहे. त्यावर संस्थेचे बोधचिन्ह आणून बसवू नये. थेट प्रक्षेपणात दुभाषीची खिडकी पडद्यावर कायम राहील अशी पक्की करावी. लांब कार्यक्रमाला दोन दुभाषी लागतात, आणि गाणी, कविता व भाषणांची संहिता त्यांना काही दिवस आधी द्यावी लागते. ऐन वेळी दिलेल्या कवितेचा कोणताही दुभाषी न्याय्य अनुवाद करू शकत नाही.

ध्वनिवर्णन ही संयमाची कला आहे. चार सेकंदांच्या शांततेत "ती पत्र न वाचताच फाडते" एवढे मावते. "ती संतापली आहे" हे सांगायची गरज उरत नाही. नाटकाच्या बाबतीत प्रयोगापूर्वी नेपथ्य, वेशभूषा आणि पात्रांची ओळख सांगणारी पाच-सात मिनिटांची ध्वनिफीत दिली, तर प्रयोग चालू असताना वर्णनाचा भार बराच हलका होतो. ज्या छोट्या गटाला पूर्ण ध्वनिवर्णन परवडत नाही, त्याने निदान एवढे करावे.

निव्वळ ध्वनिमुद्रण असेल तर त्याची लिखित संहिता द्यावी. पान उघडताच आपोआप सुरू होणारे संगीत टाळावेच, कारण ते स्क्रीन रीडरच्या आवाजावर चढते आणि ते बंद करण्याचे बटण शोधणेही अवघड होऊन बसते.

पुस्तके आणि अंक

स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानांची छायाचित्रे असतात. त्यांवर अक्षरओळख, म्हणजे चित्रातील अक्षरे मजकुरात बदलणारी प्रणाली, चालवून, मजकूर तपासून, मगच ती ठेवावी. नवा मजकूर शक्य तिथे साध्या वेबपानाच्या किंवा ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकाराच्या रूपात द्यावा, कारण त्यांत अक्षरे मोठी केली तरी ओळी पडद्यात मावतात, तर पीडीएफमध्ये वाचकाला प्रत्येक ओळ आडवी सरकवत वाचावी लागते. शीर्षके ही खरी शीर्षक-शैली वापरून करावीत. नुसती ठळक केलेली ओळ स्क्रीन रीडरला शीर्षक म्हणून कळत नाही आणि वाचकाला एका कथेवरून पुढच्या कथेवर उडी घेता येत नाही.

इतरांच्या पुस्तकांची सुगम प्रत करायची तर हक्कांचा प्रश्न येतो. त्यासाठी माराकेश करार आहे. तो २०१३ मध्ये झाला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला. सामील देशांत, अंध किंवा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी, हक्कधारकाच्या परवानगीविना सुगम प्रत तयार करण्याची आणि अधिकृत संस्थांमार्फत ती दुसऱ्या देशात पाठवण्याची मुभा हा करार देतो. त्याची व्याप्ती मात्र लिखित साहित्य आणि त्यासोबतची चित्रे यांपुरती आहे, त्यात श्राव्य पुस्तकेही येतात. दुसऱ्याच्या चित्रपटाला कॅप्शन जोडण्यासाठी त्याचा आधार घेता येत नाही.

रसिक नव्हे, कलावंत

३०व्या कलमातील सर्जनशील क्षमतेचा जो मुद्दा सुरुवातीला आला, तो इथे येतो. सुगम्यतेची बहुतेक कामे दिव्यांग व्यक्ती प्रेक्षागृहात बसणार असे गृहीत धरून केली जातात. स्पर्धेच्या प्रवेशिका "स्वहस्ताक्षरात" मागवणारी, करारपत्राची स्कॅन प्रत सहीसाठी पाठवणारी, किंवा ऑनलाइन तालमीला कॅप्शन न लावणारी संस्था कलावंताला दारातच परत पाठवते, मग तिचे संकेतस्थळ कितीही सुगम असो. साहित्य मागवताना लिखित, ध्वनिमुद्रित आणि सांकेतिक भाषेतील चित्रफीत असे पर्याय द्यावेत. फाइल चढवण्याची खिडकी केवळ कीबोर्डने चालते का, हे पाहावे. परीक्षक मंडळात दिव्यांग कलावंत असावेत, आणि ते केवळ "दिव्यांग विशेषांका"पुरते नसावेत. विशेषांक काढणे सोपे असते, नेहमीच्या अंकात जागा देणे अवघड असते, आणि हक्क या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

तपासणी

आधी स्वतः तपासावे. माउस बाजूला ठेवून टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांनी तिकीट काढून पाहावे. आपण पानावर कुठे आहोत हे प्रत्येक क्षणी दिसते का, एखाद्या खिडकीत अडकून तर पडत नाही ना, हे बघावे. अक्षरे २०० टक्के मोठी करून मजकूर कापला जातो का ते पाहावे. चित्रफीत एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून अनुभवावी. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि विंडोजवर मोफत मिळणारा एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर वापरून आपलेच निमंत्रण ऐकावे.

स्वयंचलित तपासणीची साधने पर्यायी मजकूर नाही हे सांगतात, तो चुकीचा आहे हे सांगू शकत नाहीत. संकेतस्थळाच्या कोडमध्ये एक ओळ टाकली की सगळे सुगम होईल, असे सांगून विकल्या जाणाऱ्या तयार पट्ट्यांपासून दूरच राहावे. नाव नसलेल्या बटणाला योग्य नाव, चित्रफितीला नेमकी कॅप्शन किंवा चित्राला वर्णन त्यांच्याकडून भरवशाने मिळत नाही, आणि काही वेळा त्या वापरणाऱ्याच्या स्वतःच्या साधनांच्या कामात ढवळाढवळ करतात.

त्यानंतर दिव्यांग वापरकर्त्यांकडून तपासून घ्यावे आणि त्याचा मोबदला द्यावा. हे तज्ज्ञाचे काम आहे. एका अंध व्यक्तीने होकार दिला म्हणजे सर्वांचा होकार मिळाला असे होत नाही, कारण स्क्रीन रीडर वापरणारा, अक्षरे मोठी करून वाचणारा, कर्णबधिर आणि हातांच्या हालचाली मर्यादित असलेला, या प्रत्येकाची वाट वेगळी असते.

शेवटी संकेतस्थळावर सुगम्यतेचे एक पान ठेवावे. काय सुगम आहे, काय अजून नाही, राहिलेले केव्हा होईल आणि अडचण आली तर कोणाला कसे कळवायचे, हे त्यावर साध्या भाषेत लिहावे आणि अद्ययावत केल्याची तारीख टाकावी. आलेल्या तक्रारीला उत्तर देण्याची जबाबदारी एका विशिष्ट व्यक्तीवर सोपवावी आणि कार्यक्रम संपल्यानंतरही ती चालू ठेवावी, कारण ध्वनी-चित्रमुद्रणे, अंक आणि प्रदर्शनाची पाने पुढे वर्षानुवर्षे पाहिली जातात आणि त्यांतील बिघाड तेव्हाच उघडकीला येतात.